इंजिनावरचा शेवटचा आकडा

खोकं उघडलं तेव्हा स्टेफा म्हणाली, "एवढंच?"
पुठ्ठ्याची नळी, बाल्साची पातळ फळी,
प्लॅस्टिकचं नाक, रबराचा दोर,
हातरुमालाएवढी नारिंगी छत्री
आणि एक कागद. कागदावर सतरा पायऱ्या.
सतरापैकी नऊ पायऱ्यांच्या शेवटी तेच:
वाळू द्या.

मी फोम लेकला ट्रकची चाकं उतरवणारा माणूस.
माझ्या बोटांना बत्तीसचा पाना कळतो.
ही फळी तर बोटावर ठेवली
तरी बोटाला पत्ता नाही.
पंख स्टेफानेच कापले.
कडा घासताना टेबलावर पिठासारखा भुगा पडला,
तिने फुंकला, तो माझ्या चहात गेला.
चहा मी प्यालो.

गोल नळीवर सरळ रेघ कशी मारायची?
कागद म्हणतो, दाराच्या चौकटीला टेकवा.
आमच्या चौकटीवर आधीच रेघा आहेत:
स्टेफा चार वर्षांची, सहाची, सातची.
त्या डार्का मारायची.
यंदा दहावं लागलं. मला सुचलंच नाही.
नळी खाचेत धरली, पेन्सिल ओढली,
तीन रेघा, तीन पंखांच्या.

डार्का उत्तरेला, तेलाच्या खाणीवर, क्रेनच्या खुर्चीत.
चौदा दिवस तिकडे, सात दिवस इकडे.

पंख चिकटवायची रीत अशी:
दोन्हीकडे गोंद लावा, दाबा,
मग ओढून वेगळे करा.
"वेगळे कशाला?"
थोडं सुकू द्या, पुन्हा लावा, पुन्हा दाबा,
म्हणजे लाकूड तुटेल, जोड तुटणार नाही.
हे कागदावर आहे, माझ्या मनचं नाही.
दहापर्यंत मोजायचं होतं,
स्टेफा शंभरपर्यंत धरून बसली.
तरी तिसरा पंख वाकडा बसलाच.
दिसतो का? दिसतो.

इंजिन अंगठ्याएवढं. वर छापलंय: ए-आठ-तीन.
"तीन म्हणजे?"
तीन म्हणजे गप्प राहायचे सेकंद.
आग संपलेली असते, छत्री उघडायची असते,
आणि ते वर वर चाललेलंच असतं,
मघाच्या जोरावर.

मंगळवारी रात्री डार्काचा फोन.
"उडवलंत का? माझ्यासाठी थांबू नका गं,
रविवारी वारा सुटणार म्हणतात."
"अजून वाळतंय," स्टेफा म्हणाली.
गोंद सुकून चार दिवस झाले होते.
रॉकेट फ्रिजवर उभं होतं, रंगवलेलं,
नाकावर तिने लाल ठिपका दिलेला.
मी भांडी विसळत होतो,
नळ जरा मोठा केला.

रविवारी थोर्वाल्डसनच्या शेतात
कॅनोलाची धसकटं, त्यांवर दहिवर.
थंडीने छत्री चिकटू नये
म्हणून तिला टाल्कम पावडर चोळली.
सगळ्यांचे हातमोजे बाळासारखे वासाचे.
वारा होता. फार नव्हता.
बटण डार्काने दाबलं.
काही झालं नाही.
बॅटरीची तार मीच उलटी खोचली होती
का सैल, कोण जाणे, हलवली,
दुसऱ्यांदा दाबलं आणि
फस्सकन ते गेलंच,
वाकड्या पंखामुळे स्वतःभोवती गरगरत,
गिरमिटासारखं आभाळात शिरत.
मग आवाज थांबला.
एक.
डार्काने स्टेफाची टोपी धरली, उगीच.
दोन.
तीन.
नारिंगी ठिपका. अर्धाच उघडलेला.

सापडलं कुंपणापलीकडे, रबरी दोरात गुंतलेलं.
वाकडा पंख शाबूत.
जो नीट बसला होता तोच मधोमध मोडलेला,
जोड मात्र जागच्या जागी.
डार्का गुडघ्यांवर बसून धसकटांत
मोडका तुकडा शोधत राहिली,
मिळाला तेव्हा नाकपुड्या लाल झाल्या होत्या.
"वाळायला किती वेळ लागतो याला?"

कागदावर अर्धा तास लिहिलाय.
कागद माझ्या खिशात होता, मी काढला नाही.
"चौदा दिवस," स्टेफा म्हणाली.